दुसरी ट्रॉली

एकोणतीस वर्षं मागावर काढली.
कान तिथेच राहिले,
शेडमध्ये, टॉवेलांच्या गठ्ठ्याखाली कुठेतरी.
आता माणसं बोलतात ते मी ओठांवर वाचतो,
आणि हॉर्न वाजला
तर समोरच्याच्या कपाळावर.

सून म्हणाली,
"मामय्या, श्रीजाला तुम्ही नका नेऊ शाळेत,
तुम्हाला ऐकू येत नाही."
मी तिच्या ओठांकडे पाहिलंच नाही.

पावणेसातला निघतो.
माझ्या पायांनी वीस मिनिटं,
श्रीजाच्या पायांनी सत्तावीस.
वाटेत सुमैय्या येते, वेणी अर्धी घातलेली,
मग संगमेश, बुटाची नाडी कायम सुटलेली,
आणि एक चौथा,
जो नाव सांगताना इतका हसतो
की मला ते अजून कळलेलं नाही.

दारादारांत बाया सूप मांडीवर घेऊन बसलेल्या,
विडीची पानं कातरत.
पुढे डाइंगचं गटार.
आज कुठल्या रंगाचं, यावर पैज.
काल जांभळं होतं. संगमेश दोन गोट्या हरला.
शेजारून रिक्षा जाते,
आत तेरा पोरं, बाहेर तेरा दप्तरं,
आणि त्या गर्दीतून सुटलेला एकच हात
आम्हाला टाटा करतो.

मग अक्कलकोट रस्ता.

इथे मी एकच शब्द शिकवलाय: आगु.
सुमैय्याच्या घरी उर्दू, संगमेशच्या घरी कन्नड,
पण रस्त्याच्या कडेला
सगळे तेलुगूत थांबतात.

उजवीकडे बघा. डावीकडे. परत उजवीकडे.
आरतीत डुलतात तशी नुसती मान नको हलवू रे,
काय दिसलं ते सांग.
"म्हैस."
आणि?
"पांढरी जीप."
जीपवाल्यानं तुला पाहिलं?
"नाही, तो मोबाइल बघतोय."
मग त्याच्यासाठी आपण अजून जन्मलोच नाही.
थांबायचं.

तुटलेला धागा आवाज करत नाही, पोरांनो.
शंभर माग ओरडत असतात
आणि तो गुपचूप लोंबत असतो.
तो बघावा लागतो.

हे सगळं मीच सांगितलेलं.

पौषातली सकाळ, अजून नीट फटफटलं नव्हतं.
उसाचा ट्रॅक्टर आला,
दोन्ही अंगांनी ऊस फुटून बाहेर,
मागे ना दिवा, ना लाल कापड.
ट्रॅक्टर गेला.
ट्रॉली गेली.
मी पाऊल उचललं.

सदरा मागून ओढला गेला,
एकदम चार मुठींनी.
वळून पाहिलं तर चार तोंडं,
आधी मोठी उघडी,
मग गोल.
एकोणतीस वर्षांत इतकं स्पष्ट
मला काही ऐकू आलं नव्हतं.

दुसरी ट्रॉली
माझ्या टोपीवरून पाचट फिरवून गेली.

पहिली गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नसतं.
हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.
त्यांना कुणी शिकवलं ते विचारलं,
तर चौथा नुसता हसला.
मधल्या डांबरावर एक अख्खा ऊस पडला होता,
संगमेश वाकायला निघाला.
आता माझी पाळी होती.

श्रीजानं घरी सगळं सांगितलं, हातवारे करून.
सून बराच वेळ भाकरी थापत राहिली.
मग काही बोलली.
या वेळी मी ओठांकडे पाहिलं.
"उद्यापासून तिला दहा मिनिटं आधी उठवते," म्हणाली,
"रस्त्यावर घाई नको."

सोमवारी रिक्षा घरकुलाच्या तोंडाशी थांबली
आणि तो टाटावाला हात खाली उतरला.
हाताला एक मुलगी होती,
दोन दात पडलेली.
नाव, गाव काही नाही,
सुमैय्याचं बोट धरलं आणि आधी हेच विचारलं:

आज गटार कुठल्या रंगाचं?